ॲप चालतंय, पण पैसे कुठायत?

मागच्या अंकात घरबसल्या मोबाईल ॲप बनवून कमावणाऱ्या पोरांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, सांगली-साताऱ्याकडनं पत्रांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, बाकीच्यांच्याही कामाला येतील अशी काही निवडलीत. नावं मुद्दाम टाकत नाही, कारण निम्म्यांनी घरी अजून सांगितलेलंच नाहीये.

तासगाव तालुक्यातून एक वाचक: दादा, इंजिनीअरिंग झाल्यावर दोन वर्षं पुण्यात जॉब केला आणि सोडून गावी आलो. द्राक्षबागेच्या फवारणीच्या नोंदी ठेवायचं ॲप बनवलंय, छाटणीची तारीख टाकली की आज कितवा दिवस ते दाखवतं, कुठलं औषध कधी मारलं ते लिहून ठेवता येतं. फुकट आहे. १२ हजार डाऊनलोड झालेत, सीझनला रोज पाच-सहाशे लोक उघडतात, पण ॲडमॉबचे, म्हणजे ॲपमध्ये गूगलमार्फत दिसणाऱ्या जाहिरातींचे, महिन्याला सात-आठशे रुपयेच होतात. वडील म्हणतात बागेत तरी ये नाहीतर पुण्याला तरी जा. ह्याच्यावर घर चालेल का?

ॲडवर चालणार नाही. हे आधीच सांगतो म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

हिशोब मांडून बघा की. ६०० लोक, प्रत्येकाला दोन ॲड दिसल्या तर दिवसाला बाराशे. आपल्याकडच्या ॲडला हजाराला समजा २० रुपये मिळाले तर दिवसाचे २४ रुपये, महिन्याचे ७२०. म्हणजे तुमचं काही चुकलेलं नाही, एवढेच होतात. तेसुद्धा खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय ॲडमॉब बँकेत पाठवतच नाही, म्हणजे ह्या गतीनं वर्षातनं एकदा पगार. आणि तुमचे वर्षातले सहा महिने तर मोकळेच जाणार, ऑक्टोबर छाटणीपासनं माल जाईपर्यंत लोक ॲप उघडणार, उन्हाळ्यात खरड छाटणीला थोडीफार हालचाल, बाकी शांत. मग पोरं काय करतात तर ॲड वाढवतात, स्क्रीनभर येणारी टाकतात. आता जो माणूस सकाळी बॅरलमध्ये औषध कालवता कालवता एका बोटानं फोन बघतोय त्याच्या तोंडावर गेमची ॲड आली तर तो ॲप काढूनच टाकणार, मी तरी काढीन.

तेव्हा पैसे देणारा माणूस कोण ते आधी शोधा. तुम्ही म्हणाल शेतकरी. पण ऑक्टोबरात त्याचा खिसा रिकामा असतो, छाटणीची मजुरी झालेली, काडीला लावायच्या पेस्टचा खर्च झालेला, कृषी सेवा केंद्रात उधारीची वही उघडलेली. त्याच्या हातात पैसा येतो तो व्यापाऱ्यानं माल उचलल्यावर, नाहीतर बेदाणा सौद्यात गेल्यावर. त्याला ऐन छाटणीत महिना ९९ रुपये मागितले तर तो नाही म्हणणार, आणि नाही म्हटला म्हणून ॲप वाईट असं धरून बसू नका.

तुमच्या भागात दुसरा एक माणूस आहे, द्राक्ष सल्लागार. एकराप्रमाणं फी घेऊन पन्नास-साठ प्लॉट सांभाळतो, गाडीवरनं दिवसभर फिरतो, कुणाच्या बागेचा कितवा दिवस चाललाय, डाऊनी रोग कुठं दिसला, कुणाला भुरीची फवारणी सांगितली हे सगळं डोक्यात, नाहीतर व्हॉट्सॲपवर मागं मागं सरकवत शोधतो. त्याला एका स्क्रीनवर सगळे प्लॉट छाटणीच्या दिवसाप्रमाणं लावून दिले, सांगितलेल्या फवारणीची पीडीएफ एका दाबात शेतकऱ्याला गेली, तर तो सीझनचे पैसे देईल, कारण त्याला त्यातनं आणखी दहा प्लॉट घेता येतात. असे ४० सल्लागार मिळाले आणि सीझनला प्रत्येकी ३ हजार धरले तर १ लाख २० हजार झाले. त्यानं वर्षभर घर चालणार नाही हे मलाही कळतंय, पण ७२० रुपयांशी लावून बघा. शेतकऱ्यांना ॲप फुकटच राहू दे, ते असल्यामुळंच सल्लागार येणार. दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक्स्पोर्टवाले. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाच्या बागा अपेडाच्या, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या, ग्रेपनेट यंत्रणेवर नोंदवलेल्या असतात, तिथं औषधाच्या अंशाची तपासणी होते आणि फवारणीच्या नोंदी लागतातच, त्या नोंदी आज कुठंतरी वहीत घाईघाईनं एका बैठकीत भरल्या जातात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिताय.

एक मात्र सांभाळा. कुठलं औषध किती मारायचं हे ॲपनं सांगायच्या भानगडीत पडू नका. सल्ला सल्लागाराचा, नोंद तुमची. लेबलवरचा डोस आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची यादी ह्याच्या बाहेरचं काही तुमच्या ॲपमध्ये दिसलं आणि कुणाचा कंटेनर परत आला तर लोक तुमच्या दारात येणार.

खर्चाचं तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणून विचारतो, डेटा फायरबेसवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाईन साठवणीवर, आहे का? त्यातल्या फायरस्टोअर डेटाबेसच्या फुकट प्लॅनला दिवसाला ५० हजार रीड्स, म्हणजे तेवढ्या नोंदी वाचायची मुभा, मिळते. ६०० लोकांनी ॲप उघडलं आणि प्रत्येक वेळी शंभर नोंदी खाली ओढल्या की ६० हजार झाले, म्हणजे संध्याकाळी ॲप गप्प. आणि तो कोटा अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनं मध्यरात्री परत भरतो, म्हणजे आपल्या दुपारी साडेबारा-दीडला, तोवर पहाटेची फवारणी केव्हाच उरकलेली असते. नोंदी फोनमध्येच ठेवायच्या आणि बदललेल्या तेवढ्याच वर पाठवायच्या, बागेत रेंज नसते तेव्हाही त्याचाच उपयोग होतो.

वडिलांना काय सांगायचं? हा एक सीझन द्या म्हणावं, आणि त्या सीझनमध्ये कोड कमी लिहा, सल्लागारांच्या मागं गाडीवर जास्त बसा. सोबत कुपवाड एमआयडीसीतलं किंवा मिरजेच्या एखाद्या हॉस्पिटलचं ॲप बनवून द्यायचं काम मिळालं तर घ्या, त्यात कमीपणा काही नाही, एकट्यानं ॲप करणारे माझ्या ओळखीतले बहुतेक जण अर्धे दिवस लोकांचं काम आणि अर्धे दिवस स्वतःचं असेच जगतात.

सातारा, शाहूपुरीतून एक वाचक भगिनी: सर, बचत गटाच्या हिशोबाचं ॲप मी स्वतः शिकून फ्लटरमध्ये (ॲप बनवायचं गूगलचं साधन) बनवलं. प्ले स्टोअरला २५ डॉलर भरले, आता ते म्हणतात १२ माणसांकडून १४ दिवस टेस्टिंग करून घ्या. ऑनलाईन एकजण पैसे घेऊन टेस्टर देतो म्हणतोय, घेऊ का? आणि माझा घरचा पत्ता सगळ्यांना दिसणार असं कळलं, मिस्टर त्यावरून नको म्हणताहेत.

ताई, टेस्टर विकत घेऊ नका. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या वैयक्तिक अकाऊंटला हा नियम आहे, आधी २० माणसं लागायची, डिसेंबर २०२४ मध्ये ती १२ वर आणली. विकतची माणसं ॲप उघडून बंद करतात, आणि पुढं गूगल अर्जात विचारतं की टेस्टर काय म्हणाले, तुम्ही काय बदललं, तेव्हा लिहायला काहीच नसतं.

आणि अहो, तुमच्या गटातच दहा-पंधरा बाया आहेत की! ज्यांच्यासाठी ॲप बनवलं त्याच टेस्टर. अडचण एकच येईल, अर्ध्या जणींचा फोन पोराकडं असतो नाहीतर जीमेलचा पासवर्ड पोरालाच ठाऊक असतो. म्हणून मासिक बैठकीच्या दिवशीच सगळ्यांचे फोन पुढ्यात घेऊन लिंकवरनं टेस्टिंगला हो म्हणवून घ्या, आणि बाराच्या जागी सोळा-सतरा जणी घ्या, शेजारच्या गटातल्या घ्या, कारण १४ दिवस सलग राहायला लागतं आणि मधेच कुणीतरी काढून टाकतंच. त्या काय विचारतात ते वहीत लिहा. व्याज कुठल्या तारखेपासनं धरलं, दंड लावायचा का, मागच्या महिन्याची राहिलेली वर्गणी कुठं दिसते. अध्यक्षबाईंना कोपऱ्यातलं छोटं बटण दिसत नाही हेसुद्धा लिहा.

पत्त्याचं खरंय, पण अर्धंच. वैयक्तिक अकाऊंटवर फुकट ॲप असेल तर तुमचं नाव, देश आणि ईमेल दिसतो. प्ले स्टोअरमार्फत पैसे घ्यायला लागलात की पूर्ण पत्ता दिसतो. तेव्हा सध्या फुकट ठेवा, मिस्टरांना हे दाखवा, त्यांची काळजी रास्त आहे. पुढं पैसे घ्यायचं ठरलं तर दुकानाचा किंवा ऑफिसचा पत्ता घेऊन संस्थेच्या नावानं अकाऊंट काढता येतं, त्याला डीयूएनएस नंबर, म्हणजे संस्थांना मिळणारा ओळख क्रमांक, लागतो, तो फुकट मिळतो पण वेळ खातो. संस्थेच्या अकाऊंटला ती १२ माणसांची अटही नाही. पैसे मात्र गटातल्या बाईकडनं घ्यायचा विचारच करू नका, दहा-वीस गट सांभाळणारी जी संस्था किंवा फेडरेशन असतं त्यांना सगळ्या गटांचा एकत्र अहवाल हवा असतो, बोलणी तिथं करा.

कराडहून एक विद्यार्थी: सर माझं क्विझचं ॲप होतं, हॉस्टेलच्या मित्रांनी मला मदत म्हणून दोन दिवस बसून ॲड क्लिक केल्या, ॲडमॉब अकाऊंट बंद झालं. आईच्या पॅनवर नवीन काढू का?

नको. त्यांच्या भाषेत ह्याला इनव्हॅलिड ट्रॅफिक म्हणतात, आणि एकाच वायफायवरनं येणारे क्लिक त्यांना दिसतात, तू काय पहिला नाहीस. अपीलचा फॉर्म आहे, त्यात जे घडलं ते सरळ लिही, मित्रांनी क्लिक केलं, मी सांगितलं नव्हतं, ॲपमध्ये आता हे हे बदललंय. परत मिळेलच असं नाही. आईच्या नावानं काढलंस आणि त्यांनी दोन्ही अकाऊंट जोडली तर तेही जाईल आणि आईचं नाव उगाच अडकेल. ॲप बनवताना टेस्ट ॲडचा आयडी वापरायचा असतो, खरा आयडी फक्त स्टोअरवर टाकायच्या बिल्डमध्ये. आणि मित्रांना चहा पाज, पण त्या ॲपपासनं लांब ठेव.

सांगली मार्केट यार्डातून एक बेदाणा व्यापारी: साहेब, एका पोराकडून अडतीच्या कामाला ॲप बनवून घेतोय, लॉट, पेट्या, कोल्ड स्टोरेजची पावती, शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) असं सगळं. तो ६० हजार मागतोय आणि वर दरवर्षी १२ हजार. दरवर्षी कशाला? एकदा बनलं की बनलं ना?

बरं झालं तुम्ही लिहिलंत, ह्या सदरात पैसे देणाऱ्याचा प्रश्न सहसा येत नाही.

एकदा बनलं की बनलं असं ह्यात नसतं हो शेठ. गूगल दरवर्षी सांगतं की ॲप अमुक नव्या अँड्रॉइडला धरून अपडेट करा, साधारण ऑगस्टअखेरची मुदत असते, नाही केलं तर पुढं अपडेट टाकता येत नाही आणि जुनं ठेवलं तर नव्या फोनला ते स्टोअरमध्ये दिसायचंच बंद होतं. शिवाय तुमच्या दिवाणजीनं नवीन फोन घेतला, पट्टीवर नवा कॉलम लागला, जीएसटीचा काही बदल आला, हे सगळं कोण करणार? १२ हजार म्हणजे महिन्याला हजार. वजनकाट्याच्या वार्षिक देखभालीला तुम्ही पैसे देताच की.

६० हजार योग्य का, हे काम बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. पण तुम्ही लिहिलेली यादी बघता तो पोरगा महाग नाहीये, उलट मला भीती ही वाटते की त्यानं कमी सांगितलेत आणि निम्म्यात दमून तो नोकरी धरून निघून जाईल. म्हणून पैसे टप्प्यानं द्या, ३० टक्के आधी, मग लॉट आणि पावतीचं काम चालू झालं की पुढचे, पट्टी बरोबर निघाली की शेवटचे, आणि प्रत्येक टप्प्याचे वेळेवर द्या. यार्डात पैसे पंधरा-वीस दिवसांनी फिरतात म्हणून त्यालाही तसंच फिरवू नका, त्याच्याकडं दुसरा लॉट नसतो.

आणखी एक, कागद करा. प्ले कन्सोलचं, म्हणजे प्ले स्टोअरवर ॲप टाकायचं, अकाऊंट आणि सर्व्हर तुमच्या फर्मच्या नावानं काढा, त्याला आत यायची परवानगी द्या. आणि कोड कुणाचा? बहुतेकांना वाटतं पैसे दिले म्हणजे कोड आपला झाला, तर तसं होत नाही. पगारी नोकर नसलेल्या माणसानं लिहिलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराईट १९५७ च्या कायद्याप्रमाणं लिहिणाऱ्याचाच असतो, तुमच्या नावावर करायचा तर लेखी आणि सहीचं लागतं. त्यातही मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, हद्द लिहिली नाही तर भारतापुरतंच. त्या पोरालाही हेच सांगतो, तो हे वाचत असेल तर: सगळा कोड देऊन टाकू नकोस, जो भाग तू पुढच्या व्यापाऱ्याच्या कामालाही वापरणारेस तो तुझ्याकडं ठेवून शेठना वापराचा हक्क लिहून दे. दोघांचंही भागतं. फक्त हे शेठना विचारून कर, आणि त्यांच्या शेतकऱ्यांच्या नोंदी दुसऱ्या अडत्याच्या फोनवर दिसता कामा नयेत, यार्डात असली गोष्ट तासाभरात पसरते.

साताऱ्याहून एक निवृत्त शिक्षक: मुलगा घरी बसून ॲप बनवतो, परदेशातून पैसे येतात, महिन्याला कधी ४० हजार, कधी ९०. बँकेतून फोन आला होता, कसले पैसे म्हणून. टॅक्स, जीएसटी काय करावं? आणि खरं सांगू का, स्थळ आलं की मुलगा काय करतो म्हणून सांगायचं?

गुरुजी, बँकेचा फोन आला म्हणून घाबरू नका. परदेशातनं पैसा आला की तो कशाचा ते पर्पज कोड लावून नोंदवायला लागतं, शाखेतल्या पोरीला ते नेहमीचं नसतं म्हणून ती विचारते. सॉफ्टवेअरचं काम की जाहिरातीचं उत्पन्न, जे असेल ते सांगा आणि पैसे परदेशातनं आल्याचा दाखला मागून फाईलला लावून ठेवा.

जीएसटी सेवा देणाऱ्याला वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या वर गेली की लागतो, आणि त्या वीस लाखात परदेशातनं आलेलेसुद्धा मोजतात, डॉलरवर जीएसटी नाही म्हणून ते धरायचेच नाहीत असं पोरं समजतात ते चूक. नोंदणी झाल्यावर एलयूटी नावाचं हमीपत्र भरून दिलं की निर्यातीच्या बिलावर कर लावायला लागत नाही. तुमच्या आकड्यांवरनं ती वेळ अजून लांब आहे.

इन्कम टॅक्स मात्र आहे. व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, त्यात आलेल्या रकमेच्या निम्मी तरी नफा म्हणून दाखवायची आणि मग वह्या-पावत्यांचा ताप राहत नाही, ५० लाखांपर्यंत चालतं, रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. अशांनी ॲडव्हान्स टॅक्स १५ मार्चपर्यंत एकदम भरला तरी चालतो. लोकांना बनवून दिलेलं काम ह्यात बसतं, ॲडचं आणि स्वतःच्या ॲपच्या विक्रीचं उत्पन्न कुठं बसवायचं ते एकदा सीएला ठरवू द्या, दोन हजार वाचवायला जाऊन नंतर नोटीस घेऊ नका.

स्थळाचं म्हणाल तर रिटर्न भरत राहा म्हणजे निम्मं काम झालं. तीन वर्षांचे आयटीआर समोर ठेवले की होमलोनवाल्या बँकेचं समाधान होतं आणि मुलीच्या मामाचंही. "घरीच असतो" असं सांगू नका, "सॉफ्टवेअरचा स्वतःचा व्यवसाय आहे" असं सांगा. उद्यमची नोंदणी फुकट होते, ती करून घ्या, एक कागद दाखवायला बरा पडतो. आणि चांगल्या महिन्यातला पैसा वाईट महिन्यासाठी बाजूला ठेवायची सवय त्याला आहे का, हे मुलीकडच्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच विचारा.

विट्याहून एक वाचक: आमच्या घरचे सगळे गलाई, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, भारतभर पसरलेत. सोन्याचा टंच (शुद्धता), घट, गाळल्यावर किती निघालं ह्याच्या हिशोबाचं मराठी ॲप केलंय, अँड्रॉइडवर. आयफोनसाठी पण करू का? लोक म्हणतात खर्च परवडत नाही.

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर थांबा म्हटलं असतं. ॲपलला दरवर्षी ९९ डॉलर जातात, गूगलला एकदाच २५, शिवाय मॅक लागतो. पण तुमची गिऱ्हाइकं वेगळी आहेत. केरळात, तमिळनाडूत पेढी टाकून बसलेला खानापूर तालुक्यातला माणूस फोन चांगला वापरतो आणि हिशोबात एक ग्रॅम चुकला तर काय होतं हे त्याला माहिताय, तो पैसे देईल. तुमचे तर पाव्हणेच आहेत, आधी फोन लावून विचारा कोणाकडं कुठला फोन आहे. दहातले चार जण आयफोनवाले निघाले तर जुना मॅक मिनी बघा, फ्लटरमध्ये केलं असेल तर बराचसा कोड तोच चालतो. वर्षाची फी ठेवा, महिन्याची नको. दोन्ही स्टोअरचं कमिशन छोट्या डेव्हलपरला २०२१ मध्ये ३० वरनं १५ टक्क्यांवर आलं, तेवढं किंमत ठरवताना धरा, आणि नियम मधून मधून बदलतात म्हणून कन्सोलमधलं स्वतः वाचत जा.

सोन्याचा आजचा दर आपोआप दाखवायचा मोह टाळा. दुसऱ्याच्या साईटवरनं उचलणं बरोबर नाही, विकत घेतला तर महाग पडतो, आणि गावोगावचा दर वेगळाच असतो. दराचा रकाना रिकामा सोडा, ज्याचा त्याला टाकू दे.